विश्लेषण : गल्ला हृतिकचा, किल्ला कर्जतचा… नायकाच्या लोकप्रियतेचा आकडा नेमका कोणाचा?

‘जोधा अकबर’ म्हटले की हृतिक रोशन आठवतो, ऐश्वर्या राय-बच्चन आठवते, ए. आर. रहमानचे संगीत आठवते. हृतिकचा अकबर ज्या दरबारात बसला तो दरबार आग्र्यात नव्हता, तर चौक-कर्जत रस्त्यालगतच्या एका स्टुडिओत होता, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. चित्रपट चालला की गल्ला नायकाच्या नावावर जमा होतो, पडला की बोलही नायकालाच लागतो. हा हिशेब कितपत खरा आहे?

आग्रा कर्जतमध्ये कसे आले?

कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ सुरू केला. सगळे त्याला ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणतात. प्रत्यक्षात तो चौकजवळ, खालापूर तालुक्याच्या हद्दीत येतो. दापोलीचे देसाई तोवर ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’, ‘देवदास’ अशा चित्रपटांनी नावारूपाला आले होते. परदेशी दिग्दर्शक भारतात मोठा चित्रपट करायला येतात आणि एकाच ठिकाणी सगळ्या सुविधा मिळत नाहीत म्हणून परत जातात, ही सल आपल्या स्टुडिओमागे होती, असे ते सांगत. मुंबईहून दोन-अडीच तासांत पोहोचता येईल, पण मुंबईतला जमिनीचा भाव मोजावा लागणार नाही, चौकटीत उंच इमारत किंवा विजेचा मनोरा येणार नाही आणि मागे डोंगर असेल, अशी जागा त्यांना इथे मिळाली. सुमारे ५० एकरांचा हा पसारा.

आशुतोष गोवारीकर यांनी ‘जोधा अकबर’साठी इथेच मुघल वास्तू उभ्या करून घेतल्या. खऱ्या किल्ल्यात चित्रीकरण का केले नाही, असा प्रश्न साहजिक आहे. संरक्षित वास्तूत खिळा ठोकता येत नाही, जड दिवे टांगता येत नाहीत, पर्यटकांना महिनोन्‌महिने बाहेर ठेवता येत नाही. शिवाय कॅमेऱ्याला हवा तिथे खांब सरकवता येत नाही. सेटवर हे सगळे करता येते. प्लायवूड, प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबरचे साचे आणि रंगाऱ्याचा हात यांतून लाल दगड तयार होतो. तो दगड दुरून खरा वाटला पाहिजे आणि जवळ जाऊन पाहिले तरी खोटा वाटता कामा नये. देसाई यांची ख्याती होती ती याच कामासाठी.

१५ फेब्रुवारी २००८ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. साडेतीन तासांची लांबी, राजस्थानातील वाद, काही राज्यांतील बंदी, मग न्यायालयीन लढाई, एवढे सगळे सोसून त्याने जगभरात १०० कोटींच्या पुढे गल्ला जमवला. निर्मितीखर्च त्या वेळी सुमारे ४० कोटी सांगितला जात होता. हृतिकला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पडद्यावर जाडजूड अलंकार घालून, शांतपणे बोलणारा सम्राट त्याने उभा केला, त्याचे श्रेय त्याचेच. तरीही एक प्रयोग करून पाहावा. त्याच संवादांमागचा दरबार काढून तिथे पांढरी भिंत ठेवली, तर किती प्रेक्षक साडेतीन तास बसले असते?

हृतिकच्या कारकिर्दीचा आलेख काय सांगतो?

हिंदीतील नायकांत इतका खालीवर जाणारा आलेख क्वचितच सापडेल. १४ जानेवारी २००० रोजी वडील राकेश रोशन यांचा ‘कहो ना… प्यार है’ आला आणि २६ वर्षांचा हृतिक एका आठवड्यात घराघरांत पोहोचला. त्या एका चित्रपटासाठी त्याला पदार्पणाचा आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा, असे दोन्ही फिल्मफेअर मिळाले. त्या वर्षी केशकर्तनालयांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत, लग्नाच्या वरातींत हृतिकच होता. हातावरून लाट सरकवणारी ती नाचाची लकब जमली नाही असा मुलगा आणि ती करून न पाहिलेला मुलगा दोन्ही दुर्मीळ.

त्यानंतर मात्र ‘यादें’, ‘आप मुझे अच्छे लगने लगे’, ‘ना तुम जानो ना हम’, ‘मुझसे दोस्ती करोगे’, ‘मैं प्रेम की दीवानी हूँ’ अशी रांग लागली. मधला ‘कभी खुशी कभी गम’ चालला, पण त्यात अमिताभ बच्चन आणि शाहरुख खान होते. ‘एका चित्रपटाचा चमत्कार’ असे म्हणायला सुरुवात झाली होती. ऑगस्ट २००३ मध्ये ‘कोई… मिल गया’ने ते थांबवले. २००६ मध्ये ‘क्रिश’ आणि ‘धूम २’ असे लागोपाठ दोन मोठे यश आले आणि त्या जोरावर ‘जोधा अकबर’सारखा महागडा चित्रपट शक्य झाला.

पुढे २०१० मध्ये ‘काइट्स’ आणि ‘गुजारिश’ दोन्ही पडले. २०११ मध्ये ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ चालला. जानेवारी २०१२ मध्ये ‘अग्निपथ’ने पहिल्या दिवसाच्या कमाईचा तेव्हाचा विक्रम मोडला. त्यातला विजय दीनानाथ चव्हाण मांडव्याचा, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्याचा. गंमत अशी की पडद्यावरचे मांडवा चित्रित झाले दीवमध्ये. आग्रा रायगडात आले, रायगडचे मांडवा मात्र दीवला गेले!

२०१९ मध्ये ‘सुपर ३०’ आणि ‘वॉर’. ‘वॉर’ने पहिल्याच दिवशी ५० कोटींहून अधिक आणि एकूण देशात ३०० कोटींहून अधिक कमावले, त्या वर्षीचा तो सर्वाधिक कमाईचा हिंदी चित्रपट. त्यानंतर २०२२ चा ‘विक्रम वेधा’ समीक्षकांना आवडूनही १०० कोटींच्या आतच अडकला. जानेवारी २०२४ मध्ये ‘फायटर’ २०० कोटींपलीकडे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘वॉर २’ आला, सोबत ज्युनिअर एनटीआर, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. त्यानेही देशात २०० कोटींचा टप्पा ओलांडला, पण चर्चा अपेक्षाभंगाचीच झाली.

एकाच टप्प्यावर पोहोचलेला एक चित्रपट समाधानकारक आणि दुसरा अपयशी कसा, हे समजून घ्यायचे तर आकडा उघडून पाहावा लागतो.

‘१०० कोटींचा गल्ला’ म्हणजे नेमके किती?

मोबाइलवर येणाऱ्या बातमीत बहुधा एकच आकडा असतो. तो ‘ग्रॉस’ आहे की ‘नेट’, देशातला आहे की जगभरातला, हे शीर्षकात नसते. प्रेक्षकाने खिडकीवर दिलेली पूर्ण रक्कम म्हणजे ग्रॉस. त्यातून कर वजा केला की नेट. ‘वॉर २’ आला तेव्हा १०० रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. म्हणजे २३६ रुपये मोजले तर ३६ सरकारचे, २०० उरले. जीएसटी येण्यापूर्वी महाराष्ट्रात हिंदी चित्रपटांवर ४५ टक्के करमणूक कर होता. त्यामुळे ‘जोधा अकबर’च्या काळातला ग्रॉस आणि आजचा ग्रॉस यांची तुलना करणेच चुकीचे.

नेटमधले पैसेही निर्मात्याचे नसतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला, दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. त्यातून जी वाटणी ठरली ती आजही ढोबळमानाने आधार मानली जाते. पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के. समजा एखाद्या चित्रपटाने मल्टिप्लेक्समधून १०० कोटी नेट कमावले. त्यातले ६० पहिल्या आठवड्यात, २५ दुसऱ्यात, १० तिसऱ्यात, ५ नंतर. तर निर्मात्याच्या बाजूला येतात जेमतेम ४६ कोटी. त्यातून जाहिरात, वितरकाचे कमिशन आणि चित्रपटाचा खर्च. नायकाचे मानधन याच खर्चात येते. उपग्रह वाहिन्या आणि ओटीटीचे हक्क, संगीताचे हक्क हे उत्पन्न वेगळे, आणि अलीकडे कित्येक चित्रपट त्यावरच तरतात. ते कोणी ‘गल्ला’ म्हणून मोजत नाही.

याच वाटणीमुळे पहिल्या आठवड्याला इतके महत्त्व आले. चित्रपट चौथ्या आठवड्यात चालला तरी निर्मात्याला रुपयातले ३० पैसेच मिळणार, मग पहिल्या शुक्रवारीच जास्तीत जास्त पडदे मिळवा, सुट्टी गाठा, नायकाला शहरोशहरी फिरवा. नायकाचे मोल वाढले ते या व्यवस्थेत.

यात तिकिटाच्या दराचाही मोठा भाग आहे. २००० साली एका पडद्याच्या चित्रपटगृहात ‘कहो ना… प्यार है’ बघणाऱ्याने आणि आज मल्टिप्लेक्सच्या मऊ खुर्चीत ‘फायटर’ बघणाऱ्याने मोजलेले पैसे यांत जमीन-अस्मानाचा फरक. कोटींचा आकडा वाढत गेला म्हणून प्रेक्षक वाढले, असे होत नाही. खरी लोकप्रियता मोजायची तर किती तिकिटे विकली गेली ते मोजावे लागेल. तो आकडा मात्र बातमीत सहसा नसतोच. कारण उघड आहे. दरवर्षी नवा विक्रम त्यातून निघणार नाही.

मग नायक विकतो तरी काय?

नायक पहिले तीन दिवस विकतो. चौथ्या दिवसापासून चित्रपट स्वतःला विकतो. ‘काइट्स’ हे याचे सर्वात स्वच्छ उदाहरण. मे २०१० मध्ये तो मोठ्या गाजावाजाने आला, सुरुवात दणक्यात झाली, अमेरिकेतही पहिल्या आठवड्यात पहिल्या दहांत पोहोचला. ‘रश अवर’चा दिग्दर्शक ब्रेट रॅटनरने त्याची छोटी इंग्रजी आवृत्तीही तयार केली होती. हृतिकला हॉलीवूडचे दार उघडणार, असे त्या वेळी लिहिले गेले. सोमवार उजाडला आणि चित्रपटगृहे ओस पडली. शुक्रवारी गर्दी खेचणारा नायक सोमवारीही तोच होता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके. ऑगस्ट २०१६ चा ‘मोहेंजो दारो’. दिग्दर्शक गोवारीकरच, नायक हृतिकच, संगीत रहमानचेच, विषय पुन्हा इतिहासाचा. फक्त सेट कर्जतऐवजी गुजरातमध्ये भुजला लागला. त्याच दिवशी आलेल्या अक्षय कुमारच्या ‘रुस्तम’ने त्याला सहज मागे टाकले. सेट कर्जतला असता तर चित्रपट चालला असता, असा दावा करणे वेडेपणाचे ठरेल. मुद्दा उलट आहे. ‘जोधा अकबर’चे यश नायक-दिग्दर्शक जोडीचे म्हणून मोजले गेले होते. तीच जोडी पुन्हा आणल्यावर यश आले नाही. म्हणजे पहिल्या वेळच्या हिशेबात काहीतरी मोजायचे राहून गेले होते. कथेतला ताण, तानसेनांच्या काळाचा वाटणारा सूर, नीता लुल्ला यांचे वेशभूषेचे काम, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि डोळे दिपवणारा पण खोटा न वाटणारा तो महाल. प्राचीन सिंधू नगरीच्या बाबतीत पहिल्या झलकीपासूनच प्रेक्षकांनी पोशाखांची आणि शिरोभूषणांची थट्टा केली. डोळ्यांना जे पटले नाही ते हृतिकच्या हिरव्या डोळ्यांनीही पटवता आले नाही.

याचा अर्थ नायक बिनकामाचा, असा नाही. हृतिकचे नाव नसते तर ‘जोधा अकबर’ला पैसे उभे राहिले नसते, हेही तितकेच खरे. नायकाचे नाव हे तारण असते. त्या तारणावर निर्माता पैसे उभे करतो, आणि त्या पैशांतून कोणीतरी किल्ला बांधतो. गोंधळ होतो तो तारणालाच माल समजल्याने.

सलमान खानचेही तसेच. नोव्हेंबर २०१५ च्या ‘प्रेम रतन धन पायो’ने पहिल्या दिवशी सुमारे ४० कोटी कमावले. त्यातला राजवाडा आणि झगमगता शीशमहाल देसाई यांनी याच स्टुडिओत उभारला होता. बातम्यांचे मथळे सलमानच्या दिवाळीचे होते.

हॉलीवूडमध्ये वेगळे आहे का?

फार नाही, तिथे हे सत्य थोडे आधी उघडे पडले इतकेच. टॉम क्रूझला जगातला शेवटचा ‘नायकाच्या नावावर चालणारा’ तारा म्हटले जाते. २०२२ मध्ये त्याच्या ‘टॉप गन : मॅव्हरिक’ने जगभरात १४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. पण त्याच क्रूझच्या २०१७ च्या ‘द ममी’ने निर्मात्यांना मोठा खड्डा पाडला, इतका की त्यावर आधारलेली चित्रपटांची नियोजित मालिकाच गुंडाळावी लागली. मार्व्हलने तर उलटाच धडा दिला. लोखंडी चिलखतातला नट मोठा झाला तो पात्रामुळे, आणि तेच नट त्या पात्राबाहेर आले की तिकीटबारी थंड पडू लागली. हृतिकलाही ही जाण असावी. ‘क्रिश ४’ येणार आणि त्याचे दिग्दर्शन तो स्वतः करणार, असे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. मुखवट्याचे पात्र घरचे, दिग्दर्शन स्वतःचे. तिकीटबारीवर नटापेक्षा पात्राचे आयुष्य मोठे असते हे ओळखून केलेली ही तजवीज दिसते.

एक फरक मात्र खरा आहे. तिथे पडद्यामागच्या कामगारांच्या संघटनांनी दशकानुदशके झगडून पुनःप्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा आपल्या निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीकडे वळवला आहे. आपल्याकडे सेटवरचा सुतार दिवस भरला की हिशेब संपवून जातो. चित्रपट पन्नास वेळा टीव्हीवर लागला तरी त्याचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

सेट उभारणाऱ्याच्या हाती काय उरले?

नायक आणि स्टुडिओ यांच्या अर्थकारणात मूलभूत फरक आहे. नायक एक चित्रपट पडला तर दुसरा घेतो, मधल्या काळात जाहिराती करतो. मोठा नायक नफ्यात भागीदारीही मागतो. स्टुडिओला जमीन आहे, वीज आहे, पहारेकरी आहेत, आणि चित्रीकरण नसले तरी दर पावसाळ्यात गळणारी छपरे आहेत. कर्जत-खालापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला प्लास्टरच्या मुघल भिंतीचे चार महिन्यांत काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. भाडे मिळते ते दिवसांवर. चित्रपटाने १०० कोटी केले किंवा १० कोटी, स्टुडिओचे भाडे तेच.

देसाई यांनी जागा भरती ठेवण्यासाठी पुष्कळ उद्योग केले. २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका स्वतः निर्माण केली, तिचे चित्रीकरण इथेच झाले आणि अमोल कोल्हे हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ची निर्मिती केली, त्यातून सुबोध भावे मराठीतील आघाडीचा नायक ठरला. म्हणजे दोन मराठी नायकांच्या लोकप्रियतेचा पायाही याच मातीत आहे. ‘बिग बॉस’चे घर काही पर्वांसाठी याच परिसरात होते. पर्यटकांना सेट दाखवण्याचा प्रयोगही झाला. हाच विचार पुढे याच तालुक्यात खोपोलीजवळ ‘इमॅजिका’च्या रूपाने दिसला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्यानाचे संस्थापक मनमोहन शेट्टी हेही चित्रपट व्यवसायातलेच.

पण कर्ज वाढत गेले. २०१६ आणि २०१८ मध्ये घेतलेली मिळून सुमारे १८५ कोटींची कर्जे व्याजासह २५० कोटींच्या पुढे गेली. टाळेबंदीने चित्रीकरण थांबले. मे २०२१ मध्ये लागलेल्या आगीत ‘जोधा अकबर’च्या सेटची राख झाली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्धची दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली. २ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी देसाई यांचा मृतदेह स्टुडिओतच आढळला. त्यांचा ५८ वा वाढदिवस आठवड्यावर होता.

त्या दिवशी सगळ्या मोठ्या नायकांचे शोकसंदेश आले. ते मनापासूनचेच असणार. परंतु चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या माणसाच्या कामाचे मोल तिकीटबारीच्या कोणत्याही रकान्यात कधी मांडले गेले नव्हते. त्यांच्या अपयशाला केवळ चित्रपटसृष्टी जबाबदार, असे म्हणणेही एकांगी होईल. एका व्यक्तीच्या हिमतीवर आणि कर्जावर एवढा पसारा चालवणे हा धोकाच होता, आणि निर्माता, मालिकाकार, पर्यटन-उद्योजक, स्टुडिओमालक या साऱ्या भूमिका एकाच माणसाने घेतल्याने तो वाढला. तरी एवढे नक्की, की नायकाचा पडता काळ हा व्यवसाय सांभाळून घेतो. ‘मोहेंजो दारो’नंतर हृतिकला तीन वर्षांत ‘वॉर’ मिळाला. स्टुडिओला अशी दुसरी संधी देणारा कोणी नव्हता.

सरकारी मालकीनंतर काय?

दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून हा स्टुडिओ आता महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे, म्हणजे गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या यंत्रणेकडे आला आहे. ही चांगली गोष्ट आहे. ती जमीन बंगल्यांच्या योजनेला गेली असती तर आश्चर्य वाटले नसते. कर्जत-खालापूर पट्ट्यात गेल्या वीस वर्षांत भातखाचरांचे काय झाले ते रस्त्यावरच्या फलकांवर वाचता येते.

आता धोका वेगळा आहे. सरकारी प्रकल्पाचे यश कोणता नायक आला यावरून मोजण्याची सवय. उद्‌घाटनाला तारा, फीत, छायाचित्र, आणि मग ‘अमुक कोटींचा चित्रपट कर्जतमध्ये’ असे पत्रक. मोठा नायक येईलही. तो तीस दिवस काम करेल, मुंबईला परत जाईल, चित्रपट चालेल किंवा पडेल. महामंडळाने मोजायला हवे ते दुसरेच. वर्षातले किती दिवस मजले भरलेले होते? ‘जोधा अकबर’चा सेट ज्या तऱ्हेने गेला तशी आग पुन्हा लागली तर पाण्याचा बंब किती मिनिटांत पोहोचेल, आणि तो खोपोलीहून येणार की आवारातच असेल? मराठी निर्मात्याला परवडेल असा दर आहे का? एकदा बांधलेला दरबार, वाडा, बाजार जपून ठेवून पुढच्या चित्रपटाला भाड्याने देण्याची सोय आहे का? हैदराबादची रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून टिकली ती चित्रीकरण आणि पर्यटन यांची सांगड घातल्यामुळे; तिथे रोज येणारा पर्यटक कोणत्या नायकाचा चित्रपट चालू आहे हे विचारून तिकीट काढत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न माणसांचा. सेटसाठी सुतार, वेल्डर, साचे करणारे, रंगारी, विजेचे काम करणारे लागतात आणि ते बहुतांश मुंबईहून येतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आदिवासी वाड्यांतल्या आणि गावांतल्या मुलांना मिळते ते पहाऱ्याचे, साफसफाईचे किंवा गर्दीत उभे राहण्याचे काम. देसाई यांच्याकडे शिकलेली कारागिरांची एक पिढी अजून काम करते आहे. त्यांना शिकवायला बसवून, परिसरातल्या आयटीआयला जोडून दोन वर्षांचा सेटबांधणीचा अभ्यासक्रम सुरू करायला फार मोठा निधी लागणार नाही. एखाद्या मध्यम नायकाच्या मानधनापेक्षा तो नक्कीच कमी असेल. लाल दगडाचा आभास निर्माण करणारा हात एकदा गेला की संगणकावर किल्ला काढावा लागतो. तो किती खोटा दिसतो हे अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत, मराठीतल्याही, प्रेक्षकांनी पाहिले आहे.

महामंडळ यापुढे जागा देताना निर्मात्याशी करार करील. भाड्याच्या रकमेबरोबरच चित्रपटाच्या नफ्यातला छोटा हिस्सा देखभाल निधीसाठी आणि सेटवरील ठरावीक टक्के कामे स्थानिकांना, अशी दोन कलमे त्यात घालता येतील. निर्माते कुरकुर करतील. नायकाला नफ्यातला वाटा देताना ते करीत नाहीत.